डेन्व्हरच्या उन्हाथंडीत कमी पाण्यावरची बहुवर्षायू फुलझाडे

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी सुमारे 1,600 मीटर उंचीवर वसलेल्या डेन्व्हरमध्ये पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून वर्षाला जेमतेम 36 सेंटिमीटर पाणी पडते, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. त्यात उन्हाळ्यातील प्रखर ऊन आणि हिवाळ्यात उणे 20 ते 25 अंशांपर्यंत, क्वचित त्याही खाली जाणारे तापमान. तरीही कमी पाण्यावरच्या बागेची ‘झेरिस्केप’ ही पद्धत येथील पाणीपुरवठा संस्थेनेच 1981 मध्ये पुढे आणली आणि आज येथे दिवसभर उन्हात असलेले वाफे मे ते ऑक्टोबर फुललेले दिसतात.

अशा बागेत झाडे थंडीने मरतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कोरड्या प्रदेशातील बहुतेक झाडे हिवाळ्यात मुळाशी साचलेल्या ओलीने कुजून जातात, म्हणून रोपांची निवड करण्याआधी निचरा तपासावा. हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि पातळी तासाला किती खाली जाते ते पाहावे. ती तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल, आणि डेन्व्हरच्या चिकणमातीत बहुधा तसेच होते, तर 20 ते 30 सेंटिमीटर उंचीचा, बारीक खडी मिसळलेल्या मातीचा उंचवटा करून त्यावर लागवड करावी. चिकणमातीत मूठ-मूठ वाळू मिसळण्याने काहीही साधत नाही. शेणखत व रासायनिक खत तर शक्यतो टाळावेच, कारण सकस मातीत ही झाडे लुसलुशीत वाढतात, फुलांच्या भाराने आडवी पडतात आणि थंडीला लवकर बळी पडतात.

निवडीस वाव भरपूर आहे. रॉकी पर्वतातील जांभळ्या-निळ्या घंटांचे पेन्स्टेमॉन स्ट्रिक्टस जूनमध्ये फुलते. हारांसाठी आपल्याकडे पिकवतात त्या गलांड्याच्या कुळातील गेलार्डिया अरिस्टाटा ही बहुवर्षायू जात मूळची याच भागातील असून संपूर्ण उन्हाळा फुले देते. मागच्या बाजूला रशियन सेज लावावे. मात्र ते मीटरभर जागा व्यापते, हे लक्षात ठेवून अंतर सोडावे. कॅटमिंट, यारो आणि लॅव्हेंडर मध्यभागी शोभतात. वाफ्याच्या कडेला दक्षिण आफ्रिकेतून आलेले डेलोस्पर्मा लावावे. त्याची मांसल पाने जमिनीलगत पसरतात आणि वरची चकचकीत फुले उन्हातच उघडतात.

लागवड मे महिन्याच्या मध्यानंतर, म्हणजे दहिवर गोठण्याची भीती ओसरल्यावर करावी. शरद ऋतूत करायची झाल्यास जमीन गोठण्यापूर्वी किमान सहा आठवडे मिळतील अशा बेताने सप्टेंबरमध्येच उरकावी. रोपवाटिकेतील कुंड्यांत बहुधा पीटचे, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे, हलके मिश्रण असते. रोप त्या गोळ्यासकट चिकणमातीत लावले, तर गोळा एकदा सुकल्यावर पुन्हा भिजत नाही आणि बाजूची माती ओली असतानाही रोप तहानलेले राहते. म्हणून मुळांवरचे बरेचसे पीट हलक्या हाताने झाडून, गोल फिरलेली मुळे बोटांनी सोडवून, ती बागेच्या मातीत पसरून लावावीत. खोडाचा तळ मातीच्या पातळीपेक्षा किंचित वर राहू द्यावा आणि भोवती पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे बारीक खडीचे आच्छादन घालावे. लाकडाच्या भुश्याचे आच्छादन येथे मला पसंत नाही. ते खोडाजवळ ओल धरून ठेवते.

‘कमी पाण्याचे झाड’ म्हणजे पहिल्या दिवसापासून बिनपाण्याचे झाड नव्हे. पहिले दोन-तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी, पुढे त्या हंगामात आठवड्यातून एकदा मुळांच्या खोलीपर्यंत पोचेल असे पाणी द्यावे. रोज शिंपडलेले थोडे पाणी मुळांना वरच ठेवते. दुसऱ्या वर्षापासून पावसाने ओढ दिल्यासच दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरे होते. हिवाळ्यात मात्र बर्फाशिवाय महिनाभर गेला आणि पर्वतावरून उतरणारे कोरडे, उबदार वारे सुटले, तर तापमान 5 अंशांच्या वर असताना दुपारपूर्वी, जमीन गोठलेली नसल्याची खात्री करून, एकदा हलके पाणी द्यावे. नवीन रोपांना याची विशेष गरज असते. गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांत एखादे रोप उचलले गेले, तर ते हाताने दाबून पुन्हा बसवावे.

वाळलेल्या काड्या शरदात कापण्याची घाई करू नये, कारण त्या बर्फ अडवतात आणि मुळाचे रक्षण करतात. छाटणी मार्च-एप्रिलमध्ये करावी. लॅव्हेंडर मे महिन्यापर्यंत मेल्यासारखे दिसले तरी उपटू नये. कोंब दिसल्यावरच त्यांच्या वर छाटावे आणि जुन्या, निष्पर्ण लाकडापर्यंत कात्री नेऊ नये. पेन्स्टेमॉन अल्पायुषी असल्याने त्याची काही बोंडे झाडावरच पिकू द्यावीत आणि बी नोव्हेंबरमध्ये थेट खडीवर टाकावे, कारण हिवाळ्यातील ओलसर थंडी मिळाल्याशिवाय ते नीट उगवत नाही.