थंडीत बांबूची कामठी कशी सांभाळावी

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं बधिर होतात आणि दुपारी ऊन चटकतं. बांबूच्या कामठीला, म्हणजे धनुष्याला, नुसत्या गारठ्यापेक्षा हा चढउतार आणि कोरडी हवा जास्त बाधते. पावसाळ्यात ओल धरून सैल पडलेला बांबू झपाट्यानं सुकतो, ठिसूळ होतो आणि पेरापाशी किंवा टोकाच्या खाचेपाशी चिरतो.

तेल द्यायच्या आधी कामठी तपासा. कापसाचा बोळा पाठीवरून, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवरून, हळूहळू फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तंतू सुटलाय. बारीक उभी चीर असेल तर पातळ गोंद मुरवून वर दोरा घट्ट गुंडाळला की काम चालतं. पोटाच्या बाजूला मात्र आडव्या सुरकुत्यांसारख्या रेषा दिसल्या, तर तिथले तंतू दबून तुटलेले असतात. ती कामठी ओढूच नका. पाठीवरची साल पॉलिश पेपरनं घासू नये. बांबूची सर्वात जास्त ताकद त्या थरात असते.

तपासून झालं की जवसाचं कच्चं तेल द्या. चमचाभर तेल फडक्यानं चोळा, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसून घ्या, पूर्ण सुकू द्या. असे तीन हात. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ते पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळं पसरा.

दोरी डॅक्रॉनचीच (एक पॉलिस्टर धागा) असावी. ती थोडी ताणते, त्यामुळे बाण सुटतानाचा झटका बांबूच्या टोकांवर कमी येतो. न ताणणाऱ्या दोरीनं खाच फुटू शकते. मधमेण थंडीत कडक होतं, म्हणून दोरीवर लावल्यावर ते बोटांनी जोरात चोळून वितळवा. दोरीच्या मधोमध, बाण लावतो तिथल्या गुंडाळ्यावर मेण नको. दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचं अंतर बघा: मूठ वळून अंगठा उभा करा, तेवढं हवं. कमी भरलं तर दोरीला पीळ द्या.

पहाटे कामठी चढवल्याबरोबर पूर्ण ओढणं हे तडा जायचं नेहमीचं कारण. आधी वीतभर, मग अर्धी, असं दहा-बारा वेळा ओढून हळूच परत आणा. बाण न लावता दोरी सोडायची नाही. शेकोटीपाशी शेकायचीही नाही; एकच बाजू सुकते आणि कामठी वाकडी होते.

दवात भिजलेली पिसं चपटी पडतात, ती किटलीच्या वाफेवर धरली की परत उभी राहतात. नेम लक्ष्यावरच धरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातली शिकार गुन्हा आहे.

सराव संपला की दोरी लगेच उतरवा, कामठी कोरड्या फडक्यानं पुसा आणि सुती पिशवीत घालून दोन खुंट्यांवर आडवी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत आत पाणी सुटतं, आणि भिंतीला टेकवून ठेवली तर बाक येतो. चुलीवरच्या माळ्यावर आणि पत्र्याखाली तर अजिबात नको.