बेळगावातून अभिनयात यायचं तर

गणपती विसर्जन झालं की बेळगावातल्या वडगावात आमच्या घरी दोन-तीन पोरं तरी येतात. मंडळाच्या नाटकात काम केलेलं असतं, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ असतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "दादा, मुंबईला कधी जाऊ?" मी म्हणतो, "मुंबई राहू दे, आधी तुझं कन्नड कसं आहे ते सांग." पोरं गप्प होतात. मी विषय टाळतोय असं त्यांना वाटतं. तसं नाही, म्हणून आज सगळं लिहून काढतोय.

मी वीसेक वर्षं या कामावर घर चालवतोय. मराठी मालिका, कन्नड चित्रपट, अधूनमधून हिंदी वेब सिरीज. फौजदार झालो, सावकार झालो, मुलीचा बाप तर किती वेळा झालो ते मोजलेलं नाही. नायक कधी झालो नाही आणि त्याची खंतही नाही. पडद्यावरची बहुतेक माणसं नायक नसतातच. ती माणसं उभी करणारे नट लागतात आणि ते काम वर्षभर मिळू शकतं. मी सांगतोय ते या वाटेबद्दल.

आमच्या घरात चार माग होते. सकाळी बटण दाबलं की रात्री आठपर्यंत खडखडाट. त्या आवाजात कुणी ओरडून बोलत नाही, घसा किती दिवस टिकणार? आई कोपऱ्यात कांड्या भरत बसलेली असायची. तिथूनच नुसते ओठ हलवून विचारायची, "जेवलास?" मी मागाच्या पलीकडून मान हलवायचो. शेजारचे विणकर कन्नड बोलणारे, सूत घेऊन येणारे चाचा उर्दू बोलणारे. ओठ वाचायचे तर हा माणूस आत्ता कुठल्या भाषेत बोलतोय हे आधी ओळखावं लागायचं. चेहरा बघायची सवय मला तिथं लागली. अभिनयाचं पहिलं शिक्षण तेच, हे कळायला मात्र पुष्कळ वर्षं गेली.

मग गावोगावची नाटकं. बेळगावच्या आसपासच्या गावांत यात्रेला, हनुमान जयंतीला नाटक उभं राहतं हे तुम्हाला सांगायला नको. तिथं आवाज शेवटच्या रांगेपर्यंत टाकायला शिकलो आणि तीच सवय कॅमेऱ्यासमोर नडली. पहिल्या मालिकेत दिग्दर्शक रोज सांगायचे, "तोंड कमी." मागावरची ओठांची भाषा आणि रंगमंचावरचा आवाज, दोन्ही मिळून माझा चेहरा फार बोलायचा. आरसा उपयोगी पडला नाही. मोबाइलवर स्वतःचं काम चित्रित करून आवाज बंद करून बघायला लागलो, तेव्हा जमायला लागलं. तुम्हीही करून बघा. आवाज नसताना जे खोटं दिसतं ते आवाज असतानाही खोटंच असतं.

आता कन्नडबद्दल, कारण माझं सगळ्यात मोठं दुखणं तिथलं आहे.

पहिल्या कन्नड चित्रपटात मी शेतकरी होतो. अवकाळी पावसानं उभं पीक गेलंय आणि बांधावर बसून एकच वाक्य म्हणायचं होतं, "बेळे एल्ला हाळायतु", म्हणजे सगळं पीक गेलं. चित्रीकरणाच्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं बेंगळुरूला डबिंग. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर माझाच चेहरा, आणि ध्वनीवाले दर वेळी थांबवायचे. कन्नडमध्ये ए दोन आहेत, आखूड आणि लांब. आखूड म्हटलं तर बेळे म्हणजे पीक. लांब म्हटलं, बेऽळे, तर डाळ. आपल्या मराठीत हा भेद नाही, आपला कान तो पकडतच नाही. मी सगळं पीक गेलं म्हणत होतो आणि ऐकणाऱ्याला सगळी डाळ नासली असं ऐकू येत होतं. तासभर प्रयत्न केला. आखूड म्हणायला गेलो की रडणं जायचं, रडणं आलं की ए लांब व्हायचा. शेवटी दिग्दर्शक मायेनं "परवागिल्ल", म्हणजे हरकत नाही, म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याला दुसऱ्याचा आवाज दिला गेला. त्यांची काही चूक नव्हती.

चित्रपट लागला तेव्हा आईला घेऊन गेलो. आयुष्य ओठ वाचण्यात गेलेली बाई ती. मध्यंतरात माझ्याकडं वळून म्हणाली, "तोंड तुझं, आवाज कुणाचा रे?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या अज्जीकडं गेलो. तिला दिसत नव्हतं. म्हटलं, मी रोज तुम्हाला कन्नड पेपर वाचून दाखवतो, चुकलो की थांबवा. वर्षभर वाचला. ती शब्दाचा अर्थ सांगत बसायची नाही, नुसतं तोच शब्द नीट म्हणायची. ए आणि ओ दोन्हीकडं आखूड-लांब असतं, ते कानात बसायलाच सहा महिने गेले. त्याच काळात दुसरी गोष्ट कळली. आपण गल्लीत जे कन्नड उचलतो ते धारवाडकडचं, 'हो'ला "हौदरी" म्हणणारं. बेंगळुरू-म्हैसूरचं वेगळं, तिथं "हौदु". ऑडिशनला भाषांच्या रकान्यात नुसतं कन्नड लिहू नका, कुठलं कन्नड येतं ते लिहा. उत्तर कर्नाटकातली पात्रं लिहिली जातात तेव्हा असा माणूस शोधत फिरतात.

सीमाप्रश्नावर माझं मत ठाम आहे. आमच्या घरातली माणसं त्यासाठी लाठ्या खाऊन आलेली आहेत. खरं भाषा शिकलो म्हणून मराठी कमी झाली, असं मला कधी वाटलं नाही. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून सांगलीच्या राजांनी विष्णुदास भाव्यांना तसं मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. मराठी संगीत नाटकाला १८८० साली 'शाकुंतल' देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आपला रंगमंच दोन्ही भाषांचं ऐकूनच मोठा झालाय.

वर मी "खरं" लिहिलं ते "पण" या अर्थानं, हे बेळगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. मुंबईत सांगावं लागतं. "येतो म्हटला, खरं आला नाही" असं मी एका ऑडिशनला बोललो आणि समोरच्याला वाक्यच लागलं नाही. "भाषा धुऊन या," असा सल्ला मिळाला. मी खरोखर दोन वर्षं धूत बसलो. प्रमाण मराठी आली, ती यायलाच हवी. त्याशिवाय वकील, डॉक्टर, प्राध्यापक करता येत नाहीत. चूक झाली ती आपली भाषा टाकून देण्यात. घरीही तसंच बोलायला लागलो आणि काम सपाट झालं. २०१६ साली कोल्हापूरच्या मातीतली 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका सुरू झाली आणि घराघरांत ती बोली ऐकू यायला लागली, तेव्हा मला स्वतःचीच भाषा पुन्हा शोधावी लागली. दोन्ही ठेवा. कपाटात दोन सदरे असतात तसे.

अतुल कुलकर्णींकडे बघा. जन्म बेळगावचा, वाढले सोलापुरात, १९९५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडले. 'हे राम' आणि 'चांदनी बार' या दोन चित्रपटांतल्या सहायक भूमिकांना राष्ट्रीय पुरस्कार. शिवाय मराठी, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम. २०१० च्या 'नटरंग'मध्ये आधी पैलवानी अंग आणि मग नाच्याची चाल, दोन्ही एकाच देहात आणली. त्यामागची कादंबरी कागलच्या आनंद यादवांची. कागल म्हणजे निपाणीच्या पुढचं गाव. आणि त्याआधी कितीतरी वर्षं, चिकोडी भागातल्या खडकलाटमध्ये जन्मलेल्या सुलोचनादीदी कोल्हापुरात दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झाल्या आणि हिंदी पडद्याची आई झाल्या. आपल्या भागातून वाट नाही असं म्हणू नका.

शिक्षणाचं थोडक्यात. मला मागामुळं कुठं जाता आलं नाही आणि ते मला आजही लागतं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्याला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, म्हणून मंडळाच्या नाटकाची पत्रिका, फोटो, कात्रणं आत्तापासून जपा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, पुण्यात एफटीआयआय ही चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था आहे. आणि शिवमोग्गा जिल्ह्यातलं हेग्गोडू विसरू नका. तिथं के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या नाट्यसंस्थेत वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, कन्नडमधून. कन्नड बरं असेल तर मी पहिलं नाव तेच घेईन.

सेल्फ टेपला, म्हणजे घरीच चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनला, पोरं फार घाबरतात. मोबाइल आडवा, मागं साधी भिंत, उजेड समोरून. नाव, वय, उंची, गाव, भाषा, डावी-उजवी बाजू, मग प्रवेश. घरात माग असतील तर ते बंद झाल्यावरच करा. खडखडाट असलेली टेप कुणी पुढं बघत नाही. समोरची वाक्यं वाचायला माणूस घ्या, भिंतीशी बोलू नका.

आता पैसा. मालिकेत रोजावर पैसे ठरतात, दिवस बारा तासांचा आणि रक्कम हातात येते साधारण ९० दिवसांनी. म्हणजे आज काम सुरू झालं तरी तीन महिने घरातून खायचं. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला प्राप्तिकर, जातो, विवरणपत्र भरलं तर उत्पन्नानुसार परत मिळू शकतो. मी पहिली चार वर्षं भरलंच नाही आणि ते पैसे गेले. कुठल्या तारखेला कुठं काम केलं, किती वाजता सुटलो, हे वहीत लिहा. एका मालिकेत माझे अकरा दिवस नऊ झाले होते, वही होती म्हणून दोन दिवसांचे मिळाले. ऑडिशनला, नाव नोंदवायला कुणी पैसे मागितले की उठून या. आणि मालिकेतलं पात्र कधीही बंद होतं. आज सासरा आहात, सोमवारी सासरा परदेशी जातो. त्या हिशेबानं कर्ज काढू नका.

मुंबईला कधी जाऊ, याचं माझं उत्तर असं आहे. सहा महिन्यांचा खर्च गाठीला असेल, दोन भाषांतले चार प्रवेश तोंडात तयार असतील, तेव्हा रात्रीची गाडी पकडा. तोवर कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, धारवाड त्याहून जवळ. कामं तिथंही निघतात आणि रात्री घरी येता येतं. मी अजून वडगावातच राहतो. काम आलं की जातो.

आई आता थकली, मागांनी तिचे कान नेले. घरात दोनच माग उरलेत आणि रविवारी तेही बंद असतात. चारनंतर या. येताना मराठी पेपरचं एक पान आणा, कन्नडचं एक आणा. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू. आई समोरच बसलेली असते, ती ओठ बघेल.