नायोबियमचा कडकपणा: माझी फसगत

खानापूर तालुक्यातून येऊन मी बेळगावच्या उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये दोन वर्षे काढली आणि मग संशोधनाकडे वळलो. हार्डनेसचा आकडा वाढला की काम फत्ते, ही सवय तोवर अंगात मुरली होती. पोलादात ती बऱ्याच अंशी खपून जाते. 2477 अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या नायोबियमने मात्र तिच्यापायी माझे जवळजवळ वर्ष वाया घालवले.

आमचा मिश्रधातू सी-103 च्या जातीचा होता, म्हणजे नायोबियममध्ये सुमारे 10 टक्के हाफ्नियम आणि 1 टक्का टायटॅनियम. निर्वात भट्टीतून निघालेला प्रत्येक नमुना आधीपेक्षा कडक भरे आणि मी वहीत ‘बळकटी वाढली’ असे लिहून मोकळा होई. एके दिवशी पट्टी वाकवून पाहिली, तर ती काचेसारखी तडकली. भट्टीच्या दाराची रबरी रिंग झिजली होती, हे मार्गदर्शकांनी नव्हे, तर भट्टीवरच्या कन्नडभाषक काकांनी दाखवले. (मार्गदर्शक सही करतात, भट्टी काका ओळखतात, ओळख कोणाशी आधी करायची ते ठरवा.)

फटीतून शिरलेला ऑक्सिजन तापलेला नायोबियम अधाशासारखा शोषतो. त्याचे अणू जाळीतल्या पोकळ्यांत अडकून धातू कडक आणि ठिसूळ करतात. म्हणून व्हॉल्व्ह बंद करून निर्वात किती वेगाने ढळतो ते आधी पाहा, नमुना टँटलमच्या पातळ पत्र्यात गुंडाळा, भट्टीआधी व नंतर वजन करा, आणि नमुना कापून कडेपासून गाभ्यापर्यंत सूक्ष्म हार्डनेस घ्या. आकडे आत उतरत गेले, तर तो कडकपणा बहुधा तुमच्या मिश्रधातूचा नाही, गळतीचा आहे.

शिवाय थंड नमुन्याचा हार्डनेस 1200 अंशांवरच्या क्रीपबद्दल, म्हणजे तापलेला धातू सततच्या भाराखाली हळूहळू ताणला जाण्याबद्दल, फारसे सांगत नाही. लाटून मिळवलेली शुद्ध मॉलिब्डेनमची बळकटी साधारण 1100 अंशांच्या पुढे पुनर्स्फटिकीकरणाबरोबर, म्हणजे लाटलेल्या कणांच्या जागी नवे कण तयार होताना, ओसरते. टीझेडएम या मॉलिब्डेनमच्या टायटॅनियम-झिर्कोनियमयुक्त मिश्रधातूमधले बारीक कार्बाइडकण ती मर्यादा काहीशे अंशांनी पुढे ढकलतात. शोधनिबंधातले प्रमाण उचलून ही शक्ती येत नाही, कारण कणांचा आकार लाटण्यावर आणि तापवण्यावर ठरतो.

घाबरू नका, वर्ष गेले तरी प्रबंध झाला. वजनाला ग्रॅमच्या दशांश चिन्हानंतर चार अंक दाखवणारा काटा हवा. तुमच्या विभागात नसेल, तर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारा.