जुनी यॉट घेताना केबिन शेवटी बघा: या चुका टाळा

जुनी बोट बघायला गेलेला माणूस आधी केबिनमध्ये शिरतो. नव्या गाद्या, लाकडाची चकाकी, टेबलावर मालकाने मुद्दाम पसरून ठेवलेला सागरी नकाशा. दहा मिनिटांत मनातल्या मनात बोटीचं नाव बदलूनही होतं. मग पुढची पाहणी म्हणजे आधीच झालेल्या निर्णयाला कारणं शोधणं. गाद्या कधीही बदलता येतात. खिसा रिकामा करणाऱ्या जागा फळ्यांखाली, अस्तरामागे आणि पाण्याच्या रेषेखाली असतात. मी मालकाला विचारून आधी तळाच्या फळ्या उचलतो आणि सरळ नाक खुपसतो. डिझेलचा वास येतोय, कुबट येतोय की नुसता समुद्राचा, यावरून बोट कशी सांभाळली आहे ते बरंच कळतं.

दुसरी चूक, गरम इंजिन बघण्याची. एकदा मी ठरल्या वेळेआधी पोहोचलो, इंजिनाचं झाकण उघडून हात ठेवला, तर चांगलं कोमट. ‘तुमचा वेळ नको जायला म्हणून सकाळी जरा चालवून ठेवलं,’ मालक म्हणाले. किती ती काळजी! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. थंड इंजिन बराच वेळ नुसतं घरघरलं, मग पेटलं आणि पांढरा धूर सोडू लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, धूर काही थांबेना. पेटताक्षणी थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंजिनावर भार जास्त किंवा हवा कमी. डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय.

‘२० वर्षांत फक्त ३०० तास चाललंय’ या वाक्यावर खूश होणारे पुष्कळ भेटतात. मला तर त्याची भीती वाटते. खाऱ्या हवेत नुसतं उभं राहिलेलं डिझेल इंजिन आतून गंजतं. नियमित चाललेलं, सर्व्हिसिंगच्या पावत्या असलेलं २,००० तासांचं इंजिन मी आधी बघेन.

मोटर यॉटची ट्रायल बंदरातल्या बंदरात उरकू नका. मोकळ्या पाण्यात काही मिनिटं पूर्ण थ्रॉटल द्या. उत्पादकाने सांगितलेल्या कमाल आरपीएमपर्यंत इंजिन पोहोचलं नाही, तर तळ घाण झालाय, प्रोपेलर चुकीचा आहे किंवा इंजिन थकलंय. तापमानाचा काटाही बघत राहा. दोन इंजिनं असतील तर हे सगळं दोनदा.

शिडाच्या बोटीत लोक शीड उलगडून बघतात आणि ते उभं धरणाऱ्या तारा विसरतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा वरून चकचकीत दिसल्या तरी टोकांच्या फिटिंगमध्ये आतून झिजतात. १० ते १५ वर्षांच्या पुढे गेल्या की अनेक विमा कंपन्या त्या बदलायला लावतात. शेवटच्या कधी बदलल्या, त्याची पावती मागा. सेलड्राइव्ह (इंजिनाची ताकद तळातून थेट खालच्या प्रोपेलरला देणारा भाग) असेल तर बोटीच्या तळात बसवलेल्या रबरी डायफ्रामचं वयही विचारा. बोटींची इंजिनं बनवणारी व्होल्व्हो पेंटा तो दर ७ वर्षांनी बदलायला सांगते.

डेक मात्र स्वतः वाजवून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंच-इंच ठोकत जा. सुका भाग ‘टक टक’ असा कडक वाजतो. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपून दोन फायबर थरांमधलं बाल्सा लाकूड कुजलं असेल, तर आवाज बद्द होतो. रेलिंगचे खांब आणि दोर बांधायचे क्लीट यांच्या भोवती जास्त वेळ द्या, पाणी बहुधा तिथूनच शिरतं.

आणि कील, म्हणजे शिडाच्या बोटीला तोल देणारा तळाखालचा जड पंख. बोट कधी खडकावर किंवा वाळूवर आदळली होती का, हे सरळ विचारा, मग उत्तर काही येवो, जोडाजवळच्या भेगा आणि आतली बोल्टभोवतालची जागा तपासून घ्या. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ नावाच्या यॉटचं कील अटलांटिकमध्ये निखळलं आणि चौघे जण गेले. ब्रिटिश तपासात आधीच्या आदळण्यांचा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांचा मुद्दा पुढे आला होता.

हे सगळं बघितलं तरी सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, लागतोच, आणि तो तुम्ही निवडलेला हवा. ब्रोकर गोड बोलतो, पण त्याचं कमिशन सहसा विक्रीच्या पैशातून येतं. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय केलेला सर्व्हे अर्धाच समजा. बरेच सर्व्हेअर इंजिन खोलून बघत नाहीत, त्यासाठी वेगळा मेकॅनिक सांगावा लागतो.

कागदपत्रांत बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) कागदावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा. अमेरिकी पद्धतीत तो १२ अक्षर-आकड्यांचा असतो, युरोपात देशाचा कोड धरून १४. बोटीवर कर्ज बाकी नाही याचा पुरावा घ्या, आणि युरोपातली बोट असेल तर व्हॅट भरल्याचाही.

बजेटचंही एक जुनं गणित आहे: वर्षाचा खर्च किमतीच्या १० टक्के. स्वस्तात मिळालेल्या जुन्या बोटीला ते लावाल तर फसाल. ४० फुटी बोटीच्या तारा, शिडं आणि मरिनाचं (यॉट उभ्या करायच्या धक्क्याचं) भाडं बोटीच्या लांबीवर ठरतं, तुम्हाला ती किती स्वस्त पडली यावर नाही. म्हणून बोट उभी करायच्या जागेची चौकशी बोट घेण्याआधीच करा, लांबीबरोबर कीलची खोलीही सांगून.

बयाणा देताना ‘सर्व्हे आणि समुद्रातली ट्रायल समाधानकारक झाली तरच व्यवहार, नाहीतर रक्कम परत’ हे लेखी घ्या. ‘संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय’ असं मालक म्हणाला, तर येऊ दे त्याला.