आम्लपित्त की आणखी काही? जठराच्या कर्करोगाची शंका वेळेत कशी फेडावी

आईची तक्रार आधी एवढीच होती की पोट लगेच भरतं. सकाळची पेज अर्धी राहायची, सोबतचा खारा बांगडाही तसाच. आम्ही गोव्यातले डिचोलीकर पित्त म्हटलं की फार्मसीतून गोळी आणणारे. चार महिने तेच केलं. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे घसरू लागल्या, तेव्हा कुठे आम्हाला शंका आली. तुमच्या घरी असा वेळ जाऊ नये, म्हणून हे क्रमाने सांगतो.

आधी एक वही करा. किती घासांत पोट भरलं, बेंबीच्या वर दुखलं का, मळमळ किंवा उलटी झाली का, गिळताना घास अडकला का, हे रोज लिहा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. कारण नसताना सहा महिन्यांत ६० किलोचा माणूस ३ किलोंनी उतरला, तर ती मोठी खूण आहे. गोळीने जळजळ थांबली म्हणून निर्धास्त होऊ नका. दुखणं दबतं, गाठ दबत नाही. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. वजन घटत असेल किंवा घास अडकत असेल, तर तेवढंही थांबू नका.

शौचाचा रंगही पाहा. बोलायला संकोच वाटतो, आईलाही वाटला. डांबरासारखं काळं, चिकट शौच म्हणजे बहुधा आत रक्त जातंय. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, म्हणून चालू औषधांची यादी जवळ ठेवा. पण रक्ताची उलटी झाली किंवा असं शौच होऊन चक्कर आली, तर वही राहू द्या, १०८ला फोन करा.

डॉक्टरांना घरातली माहिती न विचारता सांगा. आईवडील किंवा भावंडांत कुणाला हा आजार होता का, तंबाखू-सिगारेट आहे का, वय पन्नाशीपुढे आहे का. पुरुषांत हा आजार बायकांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो. आणि आपलं पुरुमेंत! पावसाळ्याच्या बेगमीची खारवलेली सुकी मासळी, मिठातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. फार मिठातलं आणि धुरावलेलं रोज खाल्लं तर धोका वाढतो. सोडूनच द्या असं मी म्हणणार नाही, पण रोजच्या ताटातून ते कमी करा.

सगळ्यात मोठं कारण मात्र हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२मध्ये तो जठरातून वेगळा काढून वाढवला. २००५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा जंतू अनेकांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना कर्करोग होत नाही. तो आढळला तर साधारण १४ दिवसांचा औषधांचा कोर्स देतात. बरं वाटलं तरी तो अर्ध्यावर सोडू नका.

घाई कशासाठी, तेही सांगतो. गाठ जठराच्या आतल्या अस्तरात सुरू होते, मग भिंतीतून बाहेर, जवळच्या लसिकाग्रंथींत, पुढे यकृतात किंवा पोटाला आतून असलेल्या पातळ पडद्यावर पसरते. पडद्यावर पोचली की पोटात पाणी साठतं. कधी डाव्या गळपट्टीच्या हाडावर कठीण गाठ लागते. अस्तरातच सापडली, तर काही वेळा दुर्बिणीतूनच काढता येते.

म्हणून एंडोस्कोपीला, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून पाहण्याला, घाबरू नका. आदल्या रात्री हलकं जेवा, मग सांगतील तितके तास उपाशी राहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. मनाने बंद करू नका. पित्ताची गोळी कधी थांबवायची तेही विचारा, कारण तिने जंतूची तपासणी चुकू शकते. घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि तपासणी बहुतेकदा पाव तासात आटोपते. झोपेचं इंजेक्शन दिलं, तर त्या दिवशी स्कूटर चालवू नका, सोबत कुणी न्या. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाताना जुने रिपोर्ट आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड घ्या.

तपासणीसाठी जठराच्या अस्तराचा तुकडा काढला असेल, तर बायोप्सीचा रिपोर्ट स्वतः जाऊन आणा आणि डॉक्टरांना दाखवा. जठरातला व्रण (अल्सर) साधा निघाला तरी तो भरला का, हे पाहायला पुन्हा दुर्बीण कधी घालायची, ती तारीख त्याच वहीत लिहून घ्या.