मुदत संपलेल्या औषधांचा डबा असा निकाली काढला

जळगावच्या घरी आईच्या कपाटात शेवेचा डबा भरून औषधं निघाली. बीपीच्या गोळ्या, अर्धवट सोडलेली अँटिबायोटिकं, घट्ट झालेली दोन सिरपं, एक इनहेलर.

मेडिकलवाल्याने फोडलेली पाकिटं घेतली नाहीत. पिशवी घंटागाडीत टाकली, तर कचरा वेचणारं पोर चकचकीत पाकिटं वेगळी काढू लागलं; पिशवी परत मागून आणली. मावशी म्हणे, "चुलीत घाल ना बाई!" त्या फॉइलचा धूर कोण खाणार? महिनाभर डबा नुसता डोळ्यांसमोर.

शेवटी हे जमलं. आधी ट्रॅमाडॉलची, म्हणजे कडक वेदनाशामक गोळ्यांची, पाकिटं बाजूला काढली. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या २०२५ च्या सूचनांत ट्रॅमाडॉल, फेंटानिल अशी १७ औषधं संडासात फ्लश करायला सांगितली आहेत, कारण चुकून कुणी घेतली तर जिवावर बेततं. बाकीची नाही! मग उरलेल्या गोळ्या न कुटता फॉइलमधून काढून चहाच्या ओल्या चोथ्यात आणि मातीत कालवल्या, सिरपं त्यातच ओतली. लगदा इतका घाण दिसला की मांजरही फिरकलं नाही. तो तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून झाकणाला चिकटपट्टी लावली. बाटल्यांवरचं आईचं नाव खरवडलं, फॉइल कात्रीने कापलं.

इनहेलर फोडायचा नाही, जाळायचाही नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, म्हणून कॅन आणि इनहेलर 'औषधं' असं लिहून सफाई मुकादमाच्या हातात वेगळे दिले.