मोठ्या फिश टँकसाठी फिल्टर निवडताना

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये साधारण २४० लिटर पाणी मावते. ते तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरायला हवे, म्हणजे निदान १००० ते १२०० लिटरचा प्रवाह. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंग (उपयुक्त जिवाणूंना राहायला सच्छिद्र कडी) भरल्या की प्रवाह बराच घटतो. त्यामुळे एक माप मोठाच घ्या. ऑस्कर किंवा गोल्डफिश पाळणार असाल तर नक्कीच, कारण ते घाण खूप करतात.

कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्यासारखा फिल्टर) की संप (टँकखाली ठेवलेली, वरून उघडी फिल्टर-टाकी)? वीज वारंवार जात असेल तर माझे मत संपच्या बाजूने. बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन काही तासांत संपतो, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मरू लागतात आणि वीज आली की तेच कुजके पाणी टँकमध्ये येते. लांबलचक खंडानंतर कॅनिस्टर उघडून, धुऊनच चालू करा. संपमध्ये पाण्याला हवा मिळते. मात्र पंप थांबला की वरचे थोडे पाणी खाली उतरते, तेवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवा. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडा. तिथून हवा शिरली की उलटा प्रवाह तुटतो. पहिल्याच दिवशी प्लग काढून हे तपासा. आणि फिल्टर कोणताही असो, बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

रिंग नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने खळबळा.